पोर्टेबल स्मार्ट सोल्डरिंग आयर्न कसं निवडावं: सुरुवात टिपेपासून

पेनाएवढ्या जाडीचं, यूएसबी-सी चार्जरवर चालणारं आणि दहा-पंधरा सेकंदांत तापणारं सोल्डरिंग आयर्न आता हौशी इलेक्ट्रॉनिक्समध्ये चांगलंच रुळलं आहे. पहिलं आयर्न घेणारा माणूस बहुतेक वेळा स्क्रीन बघतो, खोक्यावरचा वॉटचा आकडा बघतो आणि ठरवून टाकतो. मी उलट्या बाजूने यायला सांगेन. तुम्हाला काय जोडायचं आहे, त्याला कुठली टिप, म्हणजे आयर्नचं तापणारं टोक, लागेल, त्या टिपेला किती व्होल्ट मिळतील आणि तेवढे व्होल्ट देणारा चार्जर आणि केबल तुमच्याकडे आहे का, या क्रमाने विचार केलात की पर्याय दोन-तीनच उरतात. मेनू, रंगीत स्क्रीन, ब्लूटूथ हे सगळं त्यानंतर.

आधी, यात स्मार्ट काय आहे

साध्या आयर्नमध्ये हीटर थेट विजेला जोडलेला असतो. त्याला स्वतःचं तापमान माहीत नसतं. नुसतं ठेवलं की ते तापतच जातं आणि टिप काळी पडते. जाड तांब्याच्या पॅडला (बोर्डावर जिथे सोल्डर करतात त्या तांब्याच्या ठिपक्याला) लावलं की थंड पडतं, आणि त्याला ते सावरता येत नाही.

स्मार्ट आयर्नमध्ये टिपेच्या अगदी टोकाजवळ थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, असतं. प्रोसेसर सेकंदाला अनेकदा तापमान वाचतो आणि लागेल तेवढाच करंट तुकड्या-तुकड्यांनी सोडतो. टीएस१०० किंवा पाइनसिल या पोर्टेबल आयर्नच्या टिपांमध्ये हीटर आणि थर्मोकपल एकाच जोडीच्या संपर्कांवर, एकामागे एक जोडलेले असतात. म्हणून प्रोसेसर क्षणभर करंट थांबवतो, थर्मोकपलचे काही मिलिव्होल्ट मोजतो आणि पुन्हा करंट सुरू करतो. हीटर, सेन्सर आणि टिप हे सगळं एकाच तुकड्यात असल्यामुळे उष्णतेला मधल्या हवेच्या फटीतून जावं लागत नाही. या आयर्नचे पैसे वसूल होतात ते इथे.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे हालचाल ओळखणारा सेन्सर. आयर्न खाली ठेवलं की थोड्या वेळाने तापमान दीडशे अंशांच्या आसपास उतरतं, हातात घेतलं की परत चढतं, आणि बराच वेळ कुणी हात लावला नाही तर ते बंद होतं. टिपेचं आयुष्य यामुळे खरोखर वाढतं.

एकाच टेबलावर रोज तासन्‌तास काम करणार असाल तर मात्र टेबलावरचं सोल्डरिंग स्टेशन घ्या. जड स्टँड, मऊ केबल, पक्कं अर्थिंग हे सगळं त्यात आयतं मिळतं. काम झालं की सगळं आवरून ठेवावं लागत असेल, किंवा रोबो, ड्रोन, सायकलचा दिवा असं काहीतरी जागेवर जाऊन दुरुस्त करायचं असेल, तर पोर्टेबल आयर्नला पर्याय नाही.

पहिली पायरी: काय जोडायचं आहे ते लिहून काढा

कागद घ्या आणि येत्या काही महिन्यांत करायची कामं लिहा. आर्डुइनोच्या हेडर पिना, किटमधले रेझिस्टर आणि कपॅसिटर, एलईडीच्या पट्ट्या, मोबाइलच्या बोर्डावरचे बारीक सुटे भाग, की ड्रोनच्या बॅटरीचा जाड वायर असलेला एक्सटी६० कनेक्टर? पहिल्या तिन्हींना जवळपास कुठलंही चांगलं स्मार्ट आयर्न पुरतं. चौथ्याला बारीक टिप आणि स्थिर पकड लागते. पाचव्याला भरपूर उष्णता लागते, आणि कमी ताकदीचं आयर्न नेमकं तिथेच उघडं पडतं.

दुसरी पायरी: टिपेचं घराणं निवडा

आयर्नची मूठ वर्षानुवर्षं टिकते, टिपा बदलत राहतात. म्हणून आयर्न निवडताना तुम्ही खरं तर टिपांचं घराणं निवडत असता. आज बाजारात हौशी माणसाला प्रामुख्याने तीन घराणी भेटतात.

एक, टीएस१०० घराणं. मिनिवेअरचं टीएस१०० आणि टीएस१०१, पाइन६४चं पाइनसिल (२०२० मध्ये पहिली आवृत्ती, २०२२ मध्ये दुसरी) या सगळ्यांना एकमेकांच्या टिपा बसतात. आकार भरपूर आहेत, अनेक उत्पादक त्या बनवतात, आणि नवशिक्याला सल्ला देणारी माणसंही याच घराण्यात सगळ्यात जास्त सापडतील. टिप एका छोट्या स्क्रूने आवळलेली असते, त्यामुळे बदलायची तर आधी थंड होऊ द्यावी लागते.

दोन, टीएस८० आणि टीएस८०पी यांच्या टिपा. त्या लहान आणि सुबक असतात, पकड टोकाच्या जवळ येते. पण घराणं छोटं आहे, आकार मोजके आहेत, आणि पहिल्या टीएस८०ची ताकद १८ वॉटच्या आसपासच आहे. बारीक कामासाठी छान. एकमेव आयर्न म्हणून मी घेणार नाही.

तीन, स्पेनच्या जेबीसी कंपनीच्या स्टेशनांसाठी घडवलेल्या सी२१० आणि सी२४५ नावाच्या कार्ट्रिज (हीटरसकट बदलायच्या टिपा), आणि त्या घेणारी पोर्टेबल आयर्न. सी२१० बारीक कामाला, सी२४५ सर्वसाधारण आणि जड कामाला. या फार पटकन तापतात आणि ओढून क्षणात बदलता येतात. हीटरचा रेझिस्टन्स मात्र दोन-तीन ओहमच्या आसपास, म्हणजे त्या करंट खूप मागतात. मूठ आणि चार्जर तेवढा देऊ शकत नसतील तर कार्ट्रिजची निम्मी ताकद वाया जाते. काही कंपन्या दिसायला अशाच पण फक्त स्वतःच्याच मुठीत बसणाऱ्या टिपा देतात. अशा वेळी एकच प्रश्न विचारा: ही कंपनी उद्या बंद पडली तर टिप कुठून आणायची?

नवशिक्याने पहिल्या घराण्यातून सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता आकार. खोक्यात बहुतेकदा शंकूच्या आकाराची टोकदार टिप येते. टोकदार म्हणजे अचूक, असं नवीन माणसाला वाटतं. प्रत्यक्षात तिचा पॅडशी संपर्क सुईच्या अग्राएवढाच होतो, उष्णता जात नाही, मग माणूस तापमान वाढवतो आणि पॅड उखडतो. त्याऐवजी पहिल्याच दिवशी छिन्नीच्या आकाराची, साधारण सव्वादोन ते अडीच मिलिमीटर रुंद टिप घ्या. टीएस१०० घराण्यात तिला डी२४ म्हणतात. सपाट बाजू पॅडला आणि पिनेला एकदम टेकते, आणि कोपरा वापरला की बारीक कामही होतं. दुसरी टिप घ्यायची झाली तर सुरीच्या आकाराची ‘के’ किंवा तिरकी कापलेली ‘बीसी’. सुईसारखी टिप अगदी शेवटी, आणि तीही खरोखर गरज पडली तरच.

तिसरी पायरी: व्होल्ट, वॉट आणि चार्जर

सगळ्यात जास्त निराशा इथे होते, म्हणून थोडं गणित करू. टिप हा शेवटी एक रेझिस्टर आहे. तिला मिळणारी पॉवर म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स. टीएस१०० घराण्यातली नेहमीची टिप साधारण ८ ओहमची असते. तिला

९ व्होल्ट दिले तर सुमारे १० वॉट,
१२ व्होल्टला १८ वॉट,
१५ व्होल्टला २८ वॉट,
२० व्होल्टला ५० वॉट,
आणि २४ व्होल्टला सुमारे ७२ वॉट मिळतात.

व्होल्टेज दुप्पट झालं की पॉवर चौपट होते. म्हणून खोक्यावर ‘६५ वॉट’ लिहिलेलं तेच आयर्न फोनच्या साध्या चार्जरवर १० वॉटचं होऊन बसतं. तापेल, पण सावकाश. आणि जमिनीच्या (ग्राउंडच्या) पॅडला, म्हणजे तांब्याच्या मोठ्या पृष्ठभागाला जोडलेल्या पॅडला, टेकवलं की मान टाकेल.

यूएसबी-सी चार्जर पीडी, म्हणजे पॉवर डिलिव्हरी, या पद्धतीने आयर्नशी बोलून व्होल्टेज ठरवतो. नेहमीचे टप्पे ५, ९, १५ आणि २० व्होल्ट. १२ व्होल्ट काही चार्जर देतात, काही देत नाहीत. तुम्हाला २० व्होल्ट हवेत. चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरांत ‘आउटपुट’च्या ओळीत सगळे टप्पे छापलेले असतात. तिथे २० व्होल्ट आणि त्यासमोर किमान ३ अँपिअर दिसले पाहिजेत. लॅपटॉपसोबत येणारे ६० किंवा ६५ वॉटचे यूएसबी-सी चार्जर साधारणपणे या कसोटीला उतरतात.

४५ वॉटच्या चार्जरचं काय? तो २० व्होल्टला सव्वादोन अँपिअर देतो, आणि ८ ओहमची टिप अडीच मागते. समजूतदार आयर्न अशा वेळी आपणहून खालचा टप्पा निवडतं. तेवढी समज नसेल तर चार्जर मध्येच बंद पडतो. पाइनसिलसाठी ६.२ ओहमच्या आखूड टिपाही मिळतात. २० व्होल्टला त्या ३.२ अँपिअर, म्हणजे जवळपास ६५ वॉट घेतात. त्यांना खराखुरा ६५ वॉटचा चार्जर हवा, आणि केबलही तशीच हवी. कारण साध्या यूएसबी-सी केबलची मर्यादा ३ अँपिअर असते. त्यापुढे जायला आत ओळख सांगणारी चिप असलेली ५ अँपिअरची केबल लागते. चार्जर उत्तम, आयर्न उत्तम, आणि केबल कशासोबत तरी आलेली जुनी, असं असेल तर चार्जर त्यापुढचा करंट देऊच करत नाही. चार्जरला अनेक पोर्ट असतील तर दुसरा फोन लावताच व्होल्टेज खाली येऊ शकतं, हेही ध्यानात ठेवा.

२०२१ मध्ये आलेल्या पीडी ३.१ मध्ये २८ व्होल्टचा टप्पा आहे. टीएस१०१ आणि पाइनसिलची दुसरी आवृत्ती तो घेऊ शकते. सुरुवातीला त्याच्या मागे लागू नका. २० व्होल्टवर हौशी कामांपैकी बहुतेक सगळी होतात.

पॉवर बँक घेणार असाल तर तीच कसोटी लावा: पीडी आणि २० व्होल्ट. ‘२२.५ वॉट फास्ट चार्जिंग’ लिहिलेल्या बँका बहुतेक वेळा तिथवर जात नाहीत. शिवाय आयर्न झोपलं की करंट कमी होतो आणि काही बँका काम संपलं असं समजून बंद होतात. आयर्नओएस या खुल्या फर्मवेअरमध्ये (आयर्नच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) बँकेला जागं ठेवण्यासाठी अधूनमधून छोटा झटका देण्याची सोय आहे.

ड्रोन किंवा रिमोटच्या गाड्यांच्या छंदातले असाल तर तुमच्याकडे लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या असतीलच. गोल डीसी पिन असलेलं आयर्न त्यावर मजेत चालतं. चार सेलची पूर्ण भरलेली बॅटरी १६.८ व्होल्ट देते, पाच सेलची २१. सहा सेलची मात्र २५.२ व्होल्टपर्यंत जाते, आणि बऱ्याच आयर्नची मर्यादा २४ आहे. मेनूत सेलची संख्या सांगून कमी व्होल्टेजला बंद होण्याची सोय सुरू करा, नाहीतर बॅटरी गरजेपेक्षा जास्त उतरून कायमची जाईल. डीसी पिन आणि यूएसबी-सी दोन्ही एकाच वेळी जोडू नका.

आणि ५ व्होल्टच्या यूएसबीवर चालणारी ८ वॉटची स्वस्त आयर्न? एखादी बारीक वायर जोडायला ठीक. शिकायला अजिबात नको. त्यावर शिकणाऱ्याला वाटतं की आपल्यालाच सोल्डरिंग येत नाही.

चौथी पायरी: केबल कशी आहे ते हाताने बघा

आयर्न हलकं, त्यामुळे केबलचा ताठरपणा थेट मनगटाला जाणवतो. जाड वेष्टणाची केबल आयर्नला आपल्या दिशेने ओढत राहते आणि बारीक जॉइंटवर हात स्थिर राहत नाही. सिलिकॉनची केबल घ्या. ती दोरीसारखी मऊ पडते, आणि तापलेली टिप चुकून टेकली तरी पीव्हीसीसारखी वितळत नाही. लांबी दीड मीटरच्या आसपास असू द्या. ही वस्तू आयर्नसोबतच मागवा.

पाचवी पायरी: अर्थिंग

दोन पिनांच्या चार्जरमध्ये आतल्या कपॅसिटरमधून अगदी थोडी गळती होते, त्यामुळे आयर्नची टिप जमिनीच्या तुलनेत बऱ्याच व्होल्टवर तरंगत राहते. करंट मायक्रोअँपिअरमध्ये असतो, धोका माणसाला नाही. रेझिस्टर, एलईडी, साधे मायक्रोकंट्रोलर बोर्ड यांनाही सहसा काही होत नाही. पण मॉसफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) आणि संवेदनशील सेन्सर यांच्याबाबत काळजी घ्यावी. उपाय तीन: ज्याचं अर्थिंग आउटपुटपर्यंत पोचतं असा तीन पिनांचा पुरवठा, आयर्नवर अर्थिंगचा स्क्रू असेल तर त्याला वायर, किंवा सरळ बॅटरीवर काम. चालू बोर्डावर तर कधीच आयर्न टेकवू नका. आधी वीज आणि बॅटरी दोन्ही काढा.

सहावी पायरी: आता मेनू आणि मूठ

इथे फार वेळ घालवू नका. चारच गोष्टी हव्यात: तापमान एका अंशाच्या नाही तरी पाच-दहा अंशांच्या पायऱ्यांनी बदलता यावं, झोपण्याची वेळ आणि तापमान ठरवता यावं, आपोआप बंद व्हावं, आणि बटण दाबून धरल्यावर थोडा वेळ जास्त तापमान मिळावं. त्या शेवटच्या सोयीला ‘बूस्ट’ म्हणतात आणि जाड पॅडवर ती फार कामी येते. डावखुऱ्यांसाठी स्क्रीन उलटी होते का तेही बघा. आयर्नओएससारखं खुलं फर्मवेअर चालणारं मॉडेल असेल तर कंपनीने लक्ष काढून घेतल्यावरही सुधारणा येत राहतात. माझ्या दृष्टीने ही मोठी जमेची बाजू आहे.

मुठीत बघायचं ते एवढंच: बोटं जिथे येतात तिथून टिपेच्या टोकापर्यंतचं अंतर जितकं कमी तितकं नियंत्रण चांगलं.

सोबत काय मागवाल

स्टँड. बऱ्याच पोर्टेबल आयर्नसोबत तो येत नाही, आणि गोल मुठीचं तापलेलं आयर्न टेबलावर घरंगळतं. जड बुडाचा स्टँड घ्या. त्यासोबत पितळी जाळीचा गोळा, टिप पुसायला. ओल्या स्पंजपेक्षा तिने टिप कमी थंड पडते.

सोल्डर वायर. शिकण्यासाठी ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेली, आत रोझिन फ्लक्स (सोल्डर नीट पसरावं म्हणून वापरायचा राळेचा पदार्थ) भरलेली, ०.८ मिलिमीटरची वायर सर्वांत सोपी. ती १८३ अंश सेल्सिअसला एकदम वितळते आणि एकदम घट्ट होते. त्यामुळे थंड होताना हात हलून ड्राय सोल्डर (कच्चा जॉइंट) होण्याची शक्यता कमी होते. शिसं नसलेली, कथील-चांदी-तांब्याची वायर २१७ अंशांच्या पुढे वितळते आणि पसरायला थोडी नाखूश असते. युरोपीय संघाचे शिशावरचे निर्बंध १ जुलै २००६ ला लागू झाले, तेव्हापासून कारखान्यात बनलेले बहुतेक बोर्ड शिसंविरहित असतात. दुरुस्तीच्या वेळी जुना जॉइंट लवकर वितळत नाही याचं एक कारण हे आहे. त्यावर थोडं नवीन शिशाचं सोल्डर मिसळलं की तो सैल होतो.

सोल्डर करताना निघणारा धूर मुख्यतः फ्लक्सचा असतो, शिशाचा नाही. या तापमानाला शिशाची वाफ नगण्य असते. पण रोझिनचा धूर श्वासनलिकेला त्रास देतो, म्हणून छोटा पंखा धूर बाजूला ओढेल असा लावा. शिसं पोटात जातं ते बोटांवरून. काम झालं की साबणाने हात धुवा आणि त्या टेबलावर खाऊ नका.

वेगळा फ्लक्स घ्याल तो इलेक्ट्रॉनिक्सचाच. नळजोडणीचा आम्लयुक्त फ्लक्स तांबं खातो.

खोकं उघडल्यावर

पहिल्यांदा तापवताना सोल्डर वायर टिपेला लावूनच धरा, म्हणजे टोक तापताक्षणी त्याच्यावर चकचकीत थर बसेल. टिपेचा गाभा तांब्याचा आणि वरचा मुलामा लोखंडाचा असतो. तो मुलामा गेला की टिप संपली. म्हणून कानस किंवा पॉलिश पेपर कधीही लावू नका, आणि बंद करण्याआधी टोकावर सोल्डरचा जाडसर थेंब ठेवा.

तापमान शिशाच्या वायरला ३२० ते ३५० अंश, शिसंविरहित वायरला ३५० ते ३८०. ४०० च्या वर जायची इच्छा झाली तर आधी टिपेचा आकार बदलून बघा.

मग परतीची मुदत संपायच्या आत खरी परीक्षा घ्या. मेनूत इनपुट व्होल्टेज दिसतं. ते २० च्या आसपास आहे ना ते बघा. एखादा जुना, टाकाऊ बोर्ड घ्या आणि त्यावरची तांब्याच्या मोठ्या पृष्ठभागाला जोडलेली जमिनीची पिन शोधा. छिन्नी टिप, ३५० अंश, टोकाला थोडं ताजं सोल्डर लावून टेकवा. तीन-चार सेकंदांत सोल्डर पिनेभोवती चढायला हवं, आणि स्क्रीनवरचं तापमान घसरून लगेच सावरायला हवं. सावरत नसेल तर आधी केबल बदला, मग चार्जर, मग टिप काढून तिचे संपर्क कोरड्या कापडाने पुसा आणि स्क्रू नीट आवळून पुन्हा बसवा. हे सगळं करूनही सोल्डर चढत नसेल तर ते आयर्न परत करा.